कोणाच्या हातचे पाणी?

ख्रिस्तासारख्या आचरणाविषयी मंडळ्यांसाठी व उपदेशकांसाठी धडा

शास्त्रपाठ: योहान ४:१–४२, योहान १३:१–१७, फिलिप्पैकरांस पत्र २:१–११



आपण ख्रिस्तासारखे व्हावे, ही इच्छा ज्याच्या मनात कधीच आली नाही असा ख्रिस्ती मनुष्य विरळा. प्रार्थनेत आपण ती बोलून दाखवितो, गीतांत गातो, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी तर ती विशेष तीव्रतेने मनात उठते. परंतु ही इच्छा मंदिरातून घरी येईपर्यंत पुष्कळदा विरून जाते. त्याचे एक कारण असे की, ख्रिस्तासारखे होणे म्हणजे काही मोठे, अद्भुत करणे अशी आपली समजूत असते. आंधळ्यास दृष्टी देणे, वादळ शांत करणे, शत्रूंसाठी प्राण देणे, ही कृत्ये डोळ्यांपुढे आली म्हणजे आपण म्हणतो, "हे आपल्या हातून कसे होणार?" आणि तेथेच विचार सोडून देतो.

शुभवर्तमाने लक्षपूर्वक वाचली तर दिसून येते की, ती प्रभूच्या चमत्कारांविषयी जशी बोलतात, तशी त्याच्या साध्या वागण्याविषयीही बोलतात. तो कोणाच्या घरी उतरला, कोणाच्या पंक्तीस जेवला, कोणास स्पर्श केला, कोणाशी वाटेत बोलला, हे सर्व त्यांत आहे. त्याचे शत्रू त्याजवर जो दोष ठेवीत तोही बहुतेक ह्याच गोष्टींवरून. ह्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातच्या आहेत. म्हणून आजच्या धड्यात आपण एकच साधी गोष्ट घेऊ. ती म्हणजे पाणी.

१. प्रभूने पाणी मागितले

योहानाच्या चौथ्या अध्यायातील गोष्ट आपल्या ओळखीची आहे. प्रभू यहूदीया सोडून गालीलाकडे निघाला होता. वाट शोमरोनातून होती. सूखार गावाजवळ याकोबाची विहीर होती. चालून थकलेला प्रभू तेथे बसला. वेळ दुपारची. शिष्य अन्न विकत आणावयास गावात गेले होते. इतक्यात एक शोमरोनी स्त्री पाणी भरावयास आली, आणि प्रभूने तिजपाशी प्यावयास पाणी मागितले.

त्या स्त्रीस आश्चर्य वाटले, आणि तिने ते स्पष्ट बोलून दाखविले. यहूदी पुरुष शोमरोनी बाईपाशी पाणी मागतो, हे कसे? दोन्ही समाजांतील वैर शेकडो वर्षांचे होते. शोमरोनी लोक भेसळ रक्ताचे व भेसळ धर्माचे, असे यहूदी मानीत. त्यांचे पवित्र स्थान यरुशलेमात नसून गरिज्जीम डोंगरावर होते, हाही वादाचा मोठा विषय होता. एकमेकांशी व्यवहार ठेवावयाचा नाही, मग एकमेकांच्या भांड्यातून पाणी पिण्याची तर गोष्टच नको, अशी ती रीत होती. परदेशी वाचकांस ही गोष्ट समजावून देण्यासाठी पंडितांना टीपा लिहाव्या लागतात. आपल्या जिल्ह्यातील वाचकांस त्यांची गरज नाही. वाट पाहत आडापासून दूर उभे राहणे, वरून ओंजळीत पाणी घेणे, पोहऱ्याला हात लावू न देणे, ह्या गोष्टी आपल्या आज्यापणज्यांनी सोसलेल्या आहेत.

ह्या प्रसंगी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

पहिली अशी की, प्रभूची तहान खरी होती. त्या बाईस धडा शिकवावा म्हणून त्याने तहानेचे सोंग केले नाही. तो थकला होता, त्यास गरज होती, आणि ती गरज त्याने लपविली नाही.

दुसरी अशी की, त्याजपाशी पोहरा नव्हता व विहीर खोल होती, असे ती स्त्रीच म्हणते. तेव्हा जे पाणी मागावयाचे ते तिच्याच भांड्यातले. तो ते प्याला की नाही, हे योहान सांगत नाही. परंतु मागताना त्याने भांड्याचा विटाळ मानला नाही, एवढे तर उघड आहे. पुढे तो त्या गावात दोन दिवस राहिला, हेही ह्याच अध्यायात आहे. दोन दिवस राहिला म्हणजे त्यांच्या घरी उतरला, हे कोणासही समजेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जिवंत पाण्याविषयी बोलण्यापूर्वी, तिच्या आयुष्यातील चुकांविषयी बोलण्यापूर्वी, त्याने आधी तिजपाशी मागितले. आपण बहुधा उलट करितो. आपणांस देणे आवडते. देणाऱ्याचा हात वर असतो व घेणाऱ्याचा खाली. भाकरीचा तुकडा द्यावा, जुने लुगडे द्यावे, उपदेश द्यावा, आणि तरीही घेणारा आपल्याहून कमी, हा भाव मनात तसाच ठेवावा, हे सहज शक्य आहे. परंतु ज्याच्या हातचे आपण घेतो त्यास कमी लेखणे कठीण जाते. प्रभूने आपला हात खाली केला आणि त्या स्त्रीचा हात वर केला. तिला इतरांनी पुष्कळ काही सुनावले असेल. पण तिजपाशी काही मागणारा यहूदी तिने प्रथमच पाहिला.

२. माडीवरील पाणी

तेराव्या अध्यायात दुसरे पाणी आहे. ह्या वेळी प्रभू मागत नाही, तर स्वतः पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटांनी चालून आलेल्या पाहुण्यांचे पाय धुणे हे त्या देशात घरातील अगदी खालच्या चाकराचे काम होते. लूकाने लिहिले आहे की, त्याच रात्री आपल्यात मोठा कोण ह्याविषयी शिष्यांत वाद झाला होता. जेथे मोठेपणाचा वाद चालला आहे, तेथे पाय धुवावयास कोण उठणार? कोणी उठला नाही. तेव्हा गुरू उठला. ज्याने थोड्याच वेळात त्यास धरून द्यावयाचे होते तो यहूदाही तेव्हा तेथेच बसला होता; तो बाहेर गेला तो नंतर.

पेत्र मात्र पाय धुवू देईना. त्याचा नकार नम्रतेचा दिसतो. परंतु प्रभूने तो मान्य केला नाही. दुसऱ्याची सेवा न स्वीकारणे हाही कधी कधी अभिमानाचाच प्रकार असतो, हे पेत्राला शिकावे लागले.

असे हे दोन प्रसंग आहेत. एकात प्रभू नीच मानलेल्याच्या हातचे मागतो, दुसऱ्यात नीच मानलेले काम स्वतः करितो. घेणे आणि करणे, ह्या दोहोंत त्याचे मन एकच आहे, आणि त्याच मनाविषयी पौल फिलिप्पैकरांस लिहितो. ते मन आपल्यात कसे यावे, हा आजचा प्रश्न आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातीलच एक उदाहरण पाहू.

३. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची साक्ष

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि १८३३ साली पहिली मंडळी स्थापन झाली. १८३९ साली हरिपंत खिस्ती ह्या ब्राह्मण गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. अशा मनुष्याने कोणाबरोबर बसावे, कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न तेव्हापासून येथील मंडळ्यांपुढे आहे. ह्या प्रश्नाशी एक स्त्री आपल्या स्वयंपाकघरात कशी झगडली, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेतला जात नसे. अशा घरात वाढलेल्या मुलीचा विवाह नारायण वामन टिळक ह्या कवीशी झाला. १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावाकडे आगगाडीने जात असता एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांचे मन जे गुंतले ते पुढे सुटलेच नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर हा वज्राघात होता. पतीचा वियोग, आप्तांचे बोल, पदरी लहान मुलगा, असे दुःख त्यांनी काही वर्षे सोसले. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या. परंतु त्यांनी आपला आचार सोडला नाही. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनीही बायकोवर आपला धर्म लादला नाही. तिचा आचार तिला पाळता यावा अशी सोय राहू दिली. हा टिळकांचा संयम उपदेशकांनी विशेष लक्षात ठेवावा. घरातील माणसास वादाने जिंकण्याचा मोह मोठा असतो.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःशीच विचार सुरू झाला. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांच्या जाती जशा पाहताच ओळखू येतात, तशा माणसांच्याही आल्या असत्या. जन्म सर्वांचा सारखा, मरण सारखे, भूक-तहान सारखी. मग हा भेद आला कोठून? विचार करिता करिता हे सर्व माणसांनीच केलेले आहे अशी त्यांची खात्री झाली; आणि खात्री झाली तशी त्यांनी ती आचरणात आणिली. कोणाच्याही हातचे खावयाचे व प्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. घागरीवरील विटाळ आधी गेला, आणि बाप्तिस्म्याचे पाणी नंतर आले. आपल्यापैकी पुष्कळांचे ह्याच्या उलट झाले आहे. बाप्तिस्मा होऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या, तरी घागरीवरचा विटाळ अजून गेलेला नाही.

४. हे एका दिवसात झाले नाही

कोणी म्हणेल, "ती थोर माणसे; आमची गोष्ट निराळी." परंतु 'स्मृतिचित्रे' वाचणारास हे म्हणता येत नाही, कारण लक्ष्मीबाईंनी आपल्या घरातील काही झाकून ठेविलेले नाही. टिळक तापट होते, लहरी होते. हातात आलेला पैसा कोणास तरी देऊन मोकळे होत आणि घरात उद्या काय शिजवावयाचे ह्याची चिंता बायकोवर पडे. पतिपत्नींचे खटके उडत. लक्ष्मीबाईंची जीभही काही कमी तिखट नव्हती. डोंगरावरील प्रवचनाने मोहित झालेल्या मनुष्यास आपला राग आवरण्यासाठी जन्मभर झटावे लागले, हे वाचून आपणांस धीर यावा.

परंतु त्याच घरात आणखी काही घडत होते. १८९९–१९०० च्या दुष्काळाने, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, ह्या भागातील असंख्य मुले पोरकी झाली. टिळकांच्या घराने त्या काळी व पुढेही परक्या मुलांस पोटाशी धरिले. ज्या घरातील गृहिणीने लहानपणी बाहेरचा जिन्नसही धुऊन घेतलेला पाहिला होता, त्या घरात कोणत्याही जातीचे मूल आईच्या मांडीवर बसू लागले. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी छावणीत आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्या वेळी जवळचे नातलगही रोग्यापासून पळत असत.

टिळक मिशनच्या नोकरीत होते, ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवीत होते, त्यांच्या काव्याची कीर्ती सर्वत्र होती. तरीही १९१७ साली, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, त्यांनी मिशनचा पगार सोडिला, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, जे कोणी ख्रिस्ताचे शिष्य होऊ पाहत होते, त्या सर्वांनी एकत्र यावे, हा त्याचा हेतू. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही त्या मनुष्यास वाटत होते की, आपण अजून पुरते प्रभूसारखे झालो नाही, आणखी एक पाऊल टाकावयाचे आहे. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले. लहानपणी जिला शाळा मिळाली नव्हती, त्या बाईने प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम हाती घेतले.

ज्वारीचे कणीस एका रात्रीत भरत नाही. परंतु ज्या शेतात आज पेरलेच नाही, तेथे ते कधीच भरणार नाही.

५. आपला आड कोणता?

आता स्वतःकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील खेड्यांतील मंडळ्या मुख्यतः ज्या समाजांतून झाल्या, त्यांना गावाच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा लाखो लोकांच्या तहानेला प्रथमच वाचा फुटली. १९५० साली राज्यघटना अंमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर झाले. आता गावोगाव नळ आहेत. कायद्याने आपले काम केले आहे.

परंतु कायदा स्वयंपाकघरात येऊन पाहत नाही. शेतात कामास आलेल्या गड्याचा कप कोनाड्यात वेगळा ठेवला जातो. तो ठेवणारे घर ख्रिस्ती आहे की नाही, हे कायदा विचारीत नाही, पण प्रभू विचारतो. आणि अधिक दुःखाची गोष्ट ही की, महार व मांग ह्यांच्यातही परस्पर पाणी घेत नसत. तो जुना भेद काही ठिकाणी आपल्या मंडळ्यांतही शिरला. एका मंदिरात बसावे, एकाच मेजावरची भाकर घ्यावी, आणि बाहेर आल्यावर मात्र मुलीच्या सोयरिकीची गोष्ट निघाली की जुने कूळ विचारावे, असे जेथे घडते, तेथे शोमरोनाची विहीर अजून ओलांडलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात भिल्ल आहेत, ठाकर आहेत, पारधी आहेत. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या कायद्यापासून पुढे अनेक जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला, आणि पारध्यांनाही तो लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातील शिक्का मात्र पुसला गेला नाही. पारध्याचे पाल गावाजवळ पडले की आजही लोक कोंबड्या मोजू लागतात. ज्यांच्या आज्याला आडावर उभे राहू दिले नाही, त्यांनीच आज पारधी बाईला दारातून हाकलावे, हे कसे शोभेल? आपण सोसलेला अन्याय आपणांस कोमल करील किंवा कठोर करील. दोन्ही होऊ शकते. शोमरोनी लोकांस यहूदी तुच्छ लेखीत, आणि त्याच यहूद्यांस रोमी लोक तुच्छ लेखीत होते. तरी त्यातून यहूद्यांस शोमरोन्यांविषयी दया आली नव्हती.

म्हणून प्रत्येकाने आपला आड कोणता हे शोधावे. ज्याच्या हातचे पाणी घ्यावयास आपले मन मागे सरते, तो मनुष्य कोण? त्याचे नाव मनात आले म्हणजे समजावे की, तेथेच प्रभू आपली वाट पाहत बसला आहे.

६. इतर रोजच्या गोष्टी

हे मन पाण्यापुरते राहत नाही. एका ठिकाणी ते शिरले की दुसऱ्या ठिकाणीही आपला हक्क सांगते.

बांध. नांगर धरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरला, तर पाहणारा कोणी नसतो. दरवर्षी वीतभर कोरीत गेले की पाच वर्षांत तास पडतो, आणि दहा वर्षांत कोर्ट. प्रभूचा शिष्य आपल्या बाजूने वीतभर सोडील, पण शेजाऱ्याची बोटभर घेणार नाही.

पाण्याची पाळी. प्रवरेच्या काठी काय आणि मुळेच्या काठी काय, कालव्याला आवर्तन सुटले म्हणजे रात्री दारे धरावे लागतात. दुसऱ्याच्या पाळीत त्याचे दारे फोडून पाणी आपल्या उसाकडे वळविणे, ही चोरी आहे. त्या रात्रीच्या अंधारात मनुष्य ख्रिस्ती आहे की नाही, हे ठरते.

दूध व माप. संकलन केंद्रावर दुधात पाणी सापडले तर दंड होतो. न सापडले तर नफा होतो. न सापडण्यावर ज्याचा धर्म अवलंबून आहे, त्याचा धर्म यंत्राने मोजण्यासारखाच आहे.

मजुरी. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी काय म्हणतो, ते प्रत्येक शेतकऱ्याने व मुकादमाने वाचावे. ऊसतोडीस आलेल्या माणसाची उचल हिशेबात धरताना एक शून्य इकडचे तिकडे करणे सोपे असते, कारण त्याला हिशेब वाचता येत नाही.

घरातील शब्द. मंदिरात गोड आवाजाने गीत म्हणणारा मनुष्य घरी सुनेशी, बायकोशी, म्हाताऱ्या आईशी कोणत्या आवाजात बोलतो? शेजारी ख्रिस्ताविषयीचा आपला निकाल आपल्या उपदेशावरून ठरवीत नाहीत. भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या ह्या आवाजावरून ठरवितात.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की, अर्पण घेऊन वेदीपाशी आल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे. ज्या भाऊबंदकीत तीन वर्षे बोलणे बंद आहे, तेथे ही आज्ञा किती जड आहे, हे खेड्यातील मनुष्यास सांगावयास नको.

७. दोन शंका

पहिली शंका: "मी एकट्याने तसे वागून काय होणार? गाव तर बदलत नाही." सूखारच्या विहिरीवर प्रभूही एकटाच होता, आणि समोरही एकच स्त्री होती. तिने घागर तेथेच ठेवली, गावात जाऊन लोकांस सांगितले, आणि गाव बाहेर आले. गाव बदलणे आपल्या हाती नाही. घागर कोणाकडून घ्यावी, हे आपल्या हाती आहे.

दुसरी शंका: "मी पुष्कळ प्रयत्न केला, परंतु माझे मन तसेच राहिले." ह्याचे उत्तर नीट ऐकावे. आपण ख्रिस्तासारखे वागून तारण विकत घेत नाही. तारण त्याने दिलेच आहे. म्हणून आपण तसे वागू लागतो. फिलिप्पैकरांच्या त्याच अध्यायात पुढे पौल असे समजावितो की, आपण झटावे, कारण आपल्या ठायी इच्छा उत्पन्न करणारा व कृती घडविणारा देवच आहे. मन अजून बदलले नाही म्हणून हात थांबवू नये. तुच्छ मानलेल्याच्या हातचा तांब्या एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला, की मन हाताच्या मागे येऊ लागते. लक्ष्मीबाईंनीही आधी ठरविले, मग तसे केले, आणि त्यांचे मन त्यांच्या मांडीवरील मुलांनी पुढे मोठे केले.

८. उपदेशकांस सूचना

हा धडा सांगताना समोर पाण्याचा तांब्या व दोन पेले ठेवावे. गोष्ट वाचून झाल्यावर कोणा एकास उठवून विचारावे, "हे पाणी तू कोणाच्या हातून घेणार नाहीस?" उत्तर मोठ्याने देण्याचा आग्रह धरू नये. प्रश्न विचारून क्षणभर स्तब्ध राहावे. ज्याचे त्यास उत्तर मिळते. ज्या गावी मंडळीत जुन्या जातींवरून दुरावा आहे, तेथे कोणाचे नाव घेऊन बोलू नये. उपदेशकाने त्या आठवड्यात स्वतः त्या घरी जावे, ओट्यावर बसावे, आणि तहान लागली आहे असे सांगून पाणी मागावे. व्याख्यानापेक्षा ह्याचा परिणाम अधिक होईल.

मंडळीतील प्रत्येकाने ह्या आठवड्यासाठी एकच निश्चय करावा. दहा निश्चय केले तर एकही पाळला जात नाही. ज्या घरी आपण आजवर पाणी घेतले नाही अशा एका घरी जावे आणि घ्यावे. पुढील रविवारी, बोलावेसे वाटले तर, आपला अनुभव मंडळीत सांगावा. न वाटल्यास मनात ठेवून देवाचे उपकार मानावे.

विचारासाठी प्रश्न

१. प्रभूने शोमरोनी स्त्रीस आधी उपदेश न करिता तिजपाशी पाणी का मागितले असावे?

२. पेत्राने पाय धुवू देण्यास नकार दिला, त्यात कोणता दोष होता? आपण दुसऱ्याची मदत कधी कधी का नाकारतो?

३. टिळकांनी पत्नीवर आपला विश्वास लादला नाही. आपल्या घरात विश्वास न ठेवणारे कोणी असल्यास आपण कसे वागतो?

४. बांध, पाळी, दूध, मजुरी व घरातील बोलणे, ह्यांपैकी कोणत्या ठिकाणी माझे वागणे प्रभूसारखे नाही?

५. माझा आड कोणता?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू तहानेलेला होऊन आमच्या विहिरीपाशी बसलास, आणि ज्यांना कोणी मागत नसे त्यांच्यापाशी तू मागितलेस. आमचा वर केलेला हात खाली कर. ज्यांच्या हातचे घ्यावयास आम्ही लाजतो, त्यांच्या दारी आम्हांस ने, आणि तेथे तू आधीच बसलेला आम्हांस दिसू दे. आमेन.